घरचा संगणक आणि चरख्याच्या अटी



आजचा विषय 'घरच्या संगणकासाठी मोफत सॉफ्टवेअर' असा छापला गेला आहे. आम्ही 'मुक्त सॉफ्टवेअर' असं लिहून दिलं होतं. छापणाऱ्यांना वाटलं, दोन्ही एकच. (हशा) त्यांची चूक नाही. आपल्या सगळ्यांचाच तो समज आहे, आणि आजचं बोलणं त्या समजाबद्दलच आहे.

निमित्त सगळ्यांना माहीत आहे. १४ ऑक्टोबर २०२५ ला मायक्रोसॉफ्टनं विंडोज १० चा नेहमीचा आधार थांबवला. विंडोज ११ घ्यायचं तर संगणकात टीपीएम २.० नावाची सुरक्षेची सोय लागते आणि कंपनीच्या यादीतला प्रोसेसर लागतो. २०१५-१६ साली हप्त्यावर घेतलेला घरचा संगणक त्या यादीत बसत नाही. आर्वीच्या एका काकूंनी आम्हाला विचारलं, "चालून तर राहिला आहे नं, मग फेकायचा काहून?" दुकानदारानं त्यांना नवीन घ्यायला सांगितलं होतं. नाहीतर "आहे त्याच्यावरच नवं टाकून देतो, सगळं फुल लोड करून देतो" असा दुसरा पर्याय. फुल लोड म्हणजे काय, ते आपण जाणतो. कुलूप तोडलेलं विंडोज, कुलूप तोडलेलं ऑफिस, आणि ते तोडणारा प्रोग्रॅम आड येऊ नये म्हणून बंद करून ठेवलेला अँटीव्हायरस.

काकूंचा प्रश्न साधा आहे, पण त्याचं उत्तर सॉफ्टवेअरची यादी वाचून मिळत नाही. 'टॉप टेन फ्री सॉफ्टवेअर' अशा याद्या पुष्कळ आहेत. त्यांत चांगलं-वाईट ठरवतात ते किंमत आणि दिसणं बघून. आम्हाला दुसरं माप हवं होतं, आणि ते वर्ध्यात शोधायला फार लांब जावं लागत नाही.

१९२९ साली अखिल भारत चरखा संघानं एक स्पर्धा जाहीर केली. सुधारलेला चरखा तयार करा, बक्षीस एक लाख रुपये. त्या काळचे एक लाख. त्याच्या अटी वाचल्या की आजही नवल वाटतं. चरखा हलका हवा, हातानं किंवा पायानं चालणारा हवा, खेड्यातल्या साध्या घरात मावणारा हवा. एखाद्या बाईला त्यावर सलग आठ तास फार न दमता काम करता यायला हवं. सूत १२ ते २० नंबरचं निघालं पाहिजे. किंमत दीडशे रुपयांपेक्षा जास्त नको. वेळच्या वेळी देखभाल केली तर तो किमान वीस वर्षं चालला पाहिजे, आणि देखभालीचा वर्षाचा खर्च किमतीच्या पाच टक्क्यांवर जाता कामा नये. म्हणजे वर्षाला साडेसात रुपये. शेवटी एक अट अशी की, बक्षीस हवं असेल तर यंत्राच्या पेटंटचे हक्क संघाच्या नावे करून द्यावे लागतील.

या शेवटच्या अटीचा अर्थ आम्ही असा लावतो : यंत्र करणाऱ्याला मोबदला मिळावा, पण उद्या गावोगावचा सुतार तसाच चरखा करायला बसला तर त्याचा हात धरणारा मालक कुणी नसावा. ही वृत्ती जुनीच होती. १९१० साली 'हिंद स्वराज'चं इंग्रजी पुस्तक निघालं, त्यावर हक्क राखून ठेवलेले नाहीत अशी नोंद होती.

पुढे गांधीजी वर्ध्याला आले. १९३४ च्या डिसेंबरात ग्रामोद्योग संघ निघाला, मगनवाडीत कुमारप्पांचं काम सुरू झालं आणि १९३८ च्या अखेरीस मगन संग्रहालय उघडलं. आपल्यापैकी बहुतेकांनी ते शाळेच्या सहलीत पाहिलं आहे. तिथले चरखे आपण जुनी वस्तू म्हणून पाहतो. त्यांच्याकडे अटींची पूर्तता करू पाहणारी यंत्रं म्हणून पाहा, म्हणजे वेगळं दिसेल. आणि हेही सांगितलं पाहिजे की एक लाखाचं ते बक्षीस कुणालाच मिळालं नाही. सगळ्या अटी पुऱ्या करणारं यंत्र आलंच नाही. याकडे आपण शेवटी परत येऊ.

आता याच अटी घरच्या संगणकाला लावून बघू. आहे त्या घरात, आहे त्या यंत्रावर चालतं का? साध्या माणसाला न दमता वापरता येतं का? वीस वर्षं टिकेल का? दुरुस्तीचा खर्च किती? आणि हक्क कुणाकडे आहेत?

संगणकाच्या जगात हा हक्काचा प्रश्नही दुरुस्तीतूनच निघाला. अमेरिकेत एमआयटीच्या प्रयोगशाळेत एक नवा लेझर प्रिंटर आला होता आणि त्यात कागद अडकायचा. रिचर्ड स्टॉलमन नावाच्या प्रोग्रॅमरनं जुन्या प्रिंटरच्या सॉफ्टवेअरमध्ये सोय करून ठेवली होती, कागद अडकला की लोकांना निरोप जायचा. नव्याचं मूळ लिखाण, म्हणजे सोर्स कोड, त्यांना कुणी देईना. १९८३ साली त्यांनी ग्नू प्रकल्प जाहीर केला. पुढे त्या चळवळीनं चार स्वातंत्र्यं सांगितली : कशासाठीही वापरा, आतून उघडून अभ्यासा आणि बदला, प्रत दुसऱ्याला द्या, बदललेली प्रतही द्या. या चारांत किंमत कुठेच नाही. म्हणजे फुकट असून मुक्त नसलेलं सॉफ्टवेअर असू शकतं. तुमच्या मोबाइलमधली अर्धी ॲप तशीच आहेत. आणि मुक्त सॉफ्टवेअर विकताही येतं. फुकट म्हणजे पाणपोईवरचा पेला, प्या आणि जागेवर ठेवा. मुक्त म्हणजे विहिरीवर हक्क. त्यात गाळ काढायला उतरणंही आलं.

हे नुसतं तत्त्व नाही, घरच्या कागदांशी याचा संबंध आहे. एक उदाहरण सांगतो. आमच्यापैकी एकाच्या वडिलांनी शिक्षकी पेशातून निवृत्त झाल्यावर आठवणी लिहिल्या. नव्वदच्या दशकात चौकातल्या डीटीपीवाल्याकडून टाइप करून घेतल्या. त्या काळी सगळी मराठी छपाई पेजमेकरवर चालायची, लग्नपत्रिकेपासून दिवाळी अंकापर्यंत. वडील गेले. सीडी सापडली, फाइल सापडली. ती उघडणारं काही घरात नव्हतं.

पेजमेकरचा इतिहास बघा. ऑल्डस कंपनीनं १९८५ ला काढलं, १९९४ ला ॲडोबीनं ऑल्डस घेतली, २००१ ला सातवी आवृत्ती आली आणि ती शेवटची ठरली. कंपनीला आपलं नवं इनडिझाइन चालवायचं होतं. हिशेब धंद्याचा आहे, त्यात गैर काही नाही. पण पेजमेकरवर ज्यांचं आयुष्य टाइप झालं होतं त्यांच्यातलं कुणीही म्हणू शकलं नाही की, तुम्ही सोडताय ना, मग आम्ही चालवतो. तसा हक्कच नव्हता.

आता दुसरा इतिहास. ओपनऑफिस हे सन कंपनीचं मुक्त ऑफिस. २०१० साली ओरॅकलनं सन विकत घेतली. ओपनऑफिसवर काम करणाऱ्यांना नव्या मालकाचा भरवसा वाटेना. त्याच वर्षी सप्टेंबरात त्यांनी तोच कोड घेतला, वेगळी चूल मांडली आणि नाव ठेवलं लिबरऑफिस. मालक बदलला, पण प्रोग्रॅम मेला नाही. वीस वर्षांची अट अशा ठिकाणी कळते. टिकाऊपणा यंत्राच्या लाकडात असतो तसा हक्काच्या कागदातही असतो.

आणि गंमत पाहा, ती पेजमेकरची फाइल शेवटी उघडली ती लिबरऑफिसमध्येच. २०१५ पासून त्यातल्या ड्रॉ या भागाला पेजमेकरच्या फाइली वाचता येतात. उघडली म्हणजे मराठी दिसली असं नाही. पडद्यावर इंग्रजी अक्षरं आणि चिन्हांची खिचडी होती. कारण जुने मराठी फॉन्ट इंग्रजी अक्षरांच्या जागी मराठी चित्रं बसवायचे, प्रत्येक फॉन्टची जागा वेगळी. जुना फॉन्ट मिळवून बसवला तेव्हा वडिलांचं पहिलं वाक्य दिसलं. मग फॉन्टचं युनिकोडमध्ये रूपांतर केलं. त्यात ऱ्हस्व वेलांट्या पुढेमागे झाल्या, रफार भलत्या अक्षरावर जाऊन बसले. रोज थोडं थोडं हातानं नीट करत दोन महिने गेले. पण आता तो मजकूर ओडीएफमध्ये आहे. ही फाइलची रचना २००६ पासून आंतरराष्ट्रीय मानक आहे, तिचा नकाशा जाहीर आहे. उद्या लिबरऑफिस राहिलं नाही तरी त्या नकाशावरून कुणीही वाचणारा प्रोग्रॅम लिहू शकेल.

म्हणून घरच्या संगणकावर पहिलं काय घालावं, तर लिबरऑफिस. त्यासाठी विंडोज सोडायची गरज नाही. घातल्यावर सेटिंगमध्ये जाऊन एक काम करा. भाषांच्या पानावर 'कॉम्प्लेक्स टेक्स्ट लेआउट' असा रकाना असतो, त्यात मराठी निवडा. पुष्कळदा तिथे हिंदी असते. भाषा मराठी सांगितली की ज्या फॉन्टमध्ये सोय आहे ते मराठी वळणाचा ल आणि श दाखवतात. राज्य शासनाच्या ६ नोव्हेंबर २००९ च्या निर्णयात जी वर्णमाला दिली आहे, तिला जवळचं. फॉन्टही मुक्त आहेत, मुंबईच्या एक टाइप मंडळींचा मुक्त बघा. (हशा) हो, फॉन्टचं नावच मुक्त आहे.

लिबरऑफिसचे दोषही सांगतो. दुसऱ्याकडून आलेली वर्डची फाइल उघडली की तक्ते सरकतात, शाळेच्या निकालपत्रकाच्या चौकटी मोडतात. रोज वर्डवाल्यांशी देवाणघेवाण असेल तर त्रास होईल. आणि मेनू मराठीत करता येतो खरा, पण ती मराठी वाचून पुष्कळदा इंग्रजी बरी वाटते. शब्दाला शब्द ठेवलेला असतो.

बाकीच्यांची नावं थोडक्यात. इंटरनेटसाठी फायरफॉक्स. व्हिडिओसाठी व्हीएलसी, पॅरिसच्या विद्यार्थ्यांचा हा प्रकल्प २००१ साली मुक्त झाला. घरोघरी लग्नाच्या सीडी-डीव्हीडी पडून आहेत, इतर काही चालवत नसेल तर हा बहुधा चालवतो. चित्रासाठी गिंप आणि पत्रिका-फलकासाठी इंकस्केप. दोन्ही दमदार, पण आठ तास न दमता या अटीत गिंप नापास. फोटोशॉपवर हात बसलेल्या माणसाचा तो पहिल्या तासात जीव खातो. लहान मुलांसाठी जीकॉम्प्री, माउस धरण्यापासून आकड्यांपर्यंतचे खेळ, जाहिरात एकही नाही.

टेसरॅक्ट हा प्रोग्रॅम छापलेल्या पानाचा फोटो वाचून मजकूर करतो. एचपी कंपनीत १९८५ च्या सुमारास सुरू झाला, २००५ ला मुक्त झाला आणि त्याला मराठी येतं. स्वच्छ छपाई असेल तर काम होतं, जुन्या खिळ्यांची छपाई आणि जोडाक्षरं आली की गडबडतो. ज्यांच्याकडे फाइल नाही, नुसती पुस्तिका उरली आहे, त्यांनी हा करून पाहावा.

ऑडॅसिटी घरातल्या म्हाताऱ्या माणसांचा आवाज टिपायला उत्तम. आजीच्या जात्यावरच्या ओव्या आजच टिपा. पण याची एक गोष्ट आहे. २०२१ मध्ये ऑडॅसिटी एका कंपनीनं घेतली आणि वापराची माहिती गोळा करण्याचा बेत जाहीर केला. जगभरच्या वापरणाऱ्यांनी ओरड केली आणि तो बेत मागे घ्यावा लागला. म्हणजे मुक्त आहे म्हणून डोळे मिटून बसता येत नाही. विहिरीवर लक्ष ठेवावं लागतं.

एनव्हीडीए हा दृष्टिहीनांसाठी पडदा वाचून दाखवणारा प्रोग्रॅम. मायकल करन आणि जेम्स टेह या दोन ऑस्ट्रेलियन तरुणांनी तो उभा केला, दोघेही स्वतः दृष्टिहीन. २००६ पासून आहे, विंडोजवर चालतो, मराठीही वाचतो. आवाज यंत्रासारखा आहे. पण त्याच्यासारखाच दुसरा प्रोग्रॅम विकत घ्यायचा तर संगणकापेक्षा महाग पडू शकतो. एक लाखाच्या स्पर्धेत 'कुणाला परवडावं' ही अट का होती, ते इथे समजतं.

आता काकूंचा संगणक. त्यावर आम्ही लिनक्स मिंट चढवलं. चार जीबी रॅमवर ठीक चालतं. आधी पेनड्राइव्हवरून चालवून दाखवलं, त्यात हार्डडिस्कला हात लागत नाही, आवडलं नाही तर पेनड्राइव्ह काढून घ्यायचा. मग सगळ्या फायलींची प्रत बाहेर काढून ठेवली. ही पायरी गाळू नका. जुनी हार्डडिस्क काढून एसएसडी घातली, खर्च झाला तो तेवढाच, आणि खरं सांगायचं तर वेग वाढला त्यात निम्मं श्रेय एसएसडीचं आहे, लिनक्सचं नाही. मराठीसाठी इनस्क्रिप्ट कळफलक त्यात असतोच, निवडायचा फक्त. काकू आता त्यावर भजनी मंडळाची वही टाइप करतात.

पण सगळ्यांनी असंच करा, असं आम्ही म्हणणार नाही. हिंगणघाटच्या एका ओळखीच्या व्यापाऱ्यांकडे आम्ही तोंडघशी पडलो. त्यांचा हिशेबाचा प्रोग्रॅम विंडोजवरचा, सही करण्याचं डिजिटल टोकन विंडोजवर बसवलेलं, आणि प्रिंटर तो जुना लेझर, दुकानादुकानांत दिसणारा. तीन रविवार गेले, प्रिंटरनं एक कोरा कागद काढला. (हशा) परत विंडोज टाकून दिलं. माणसाचं काम अडवून त्याला स्वातंत्र्य देता येत नाही.

आणि इथे आमची खरी टीका आहे, ती मुक्त सॉफ्टवेअरवर थोडी आणि आपल्यावर जास्त. पाच अटी लावल्या. जुन्या यंत्रावर चालतं, पास. किंमत, पास. हक्क, उत्तम. टिकाऊपणा, आजवर तरी चांगला. पण दुरुस्ती? कागदावर हक्क आहे की कुणीही उघडून दुरुस्त करावं. प्रत्यक्षात वर्ध्याच्या बाजारात विंडोज 'मारून' देणारी दुकानं पाहिजे तेवढी सापडतील, लिनक्सला हात लावणारा एक शोधावा लागतो. ज्या हक्काचा कारागीर गावात नाही तो हक्क भिंतीवर टांगलेल्या सनदेसारखा.

याचं कारण शिकवण्यात आहे. आपल्याकडे या शतकाच्या सुरुवातीपासून एमएस-सीआयटी आली. लाखो लोकांची संगणकाची भीती तिनं घालवली, हे मान्य केलंच पाहिजे. पण संगणक म्हणजे विंडोज आणि लिहिणं म्हणजे वर्ड, हेही समीकरण डोक्यात तिथेच पक्कं झालं. त्याच काळात केरळनं सरकारी शाळांतला संगणक विषय मुक्त सॉफ्टवेअरवर नेला. तिथे स्वतंत्र मल्याळम कंप्युटिंग नावानं माणसं एकत्र आली, त्यांनी आपल्या लिपीचे फॉन्ट केले, चुका दुरुस्त केल्या. मराठीतही काम झालं आहे, पुण्यात अनेकांनी वर्षानुवर्षं भाषांतरं केली, मराठी शब्दतपासणीचे कोश केले. पण ते मूठभरांचं राहिलं. आपण 'मेनूची मराठी वाईट आहे' म्हणतो, आत्ता आम्हीही म्हणालो. तो शब्द बदलण्याचा हक्क आपल्यालाच आहे, त्याला प्रोग्रॅमिंग यावं लागत नाही, चांगलं मराठी यावं लागतं. आमच्यापैकी कितीजणांनी एक तरी शब्द बदलवला? मोजून दोघांनी.

चरख्याशी तुलना इथे थोडी तुटते, तेही कबूल करतो. सुताराला चरखा उघडून कळतो, सॉफ्टवेअर उघडून कळायला वर्षं लागतात. आणि खालची चिप तर कुणाच्याच हातची नाही. स्वावलंबन पुरं होणार नाही. पण दुरुस्तीला पुष्कळ जागा असते : चुकलेला शब्द, बिघडलेला फॉन्ट, मराठीत लिहिलेलं चार पानी माहितीपत्रक, शेजाऱ्याचा पेनड्राइव्ह तयार करून देणं.

त्या एक लाखाच्या बक्षिसाकडे परत येतो. ते कुणाला मिळालं नाही, कारण सगळ्या अटी एकाच माणसानं, एकाच यंत्रात, ठरल्या तारखेपर्यंत पुऱ्या करायच्या होत्या. मुक्त सॉफ्टवेअरला तशी तारीख नाही. आज नापास असलेली अट पुढच्या वर्षी कुणीतरी पास करू शकतं, आणि ते कुणीतरी देवळीत किंवा पुलगावात बसलेलं असू शकतं. म्हणून 'कोणतं चांगलं' या प्रश्नाचं आमचं उत्तर असं आहे : ज्यात तुमचं लिहिलेलं तुमच्या हातात राहतं आणि जे बिघडलं तर दुरुस्त करायला कुणाची परवानगी लागत नाही, ते. फुकट मिळालं तर आनंद आहे, पण ते कारण धरू नका.

एक चिठ्ठी आली आहे : "एकाच दिवसात काय करावं?" आज रात्री घरी जाऊन जुन्या सीड्या शोधा. मराठीत टाइप केलेली सगळ्यात जुनी फाइल काढा आणि ती उघडते का ते बघा. उघडली, वाचता आली, तर तिची ओडीएफमध्ये एक प्रत ठेवा. उघडली नाही, तर ज्यांनी टाइप केली ते हयात असेपर्यंत फॉन्टचं नाव विचारून घ्या. आम्हाला ते नाव शोधायलाच सगळ्यात जास्त दिवस लागले.